संगणक मंद चालतो म्हणून 'डिफ्रॅग'चे बिल देण्यापूर्वी

दर महिन्याच्या १० तारखेची संध्याकाळ व्यापारी बंधूंच्या चांगलीच परिचयाची आहे. विक्रीचे विवरण, म्हणजे जीएसटीआर-१, ११ तारखेच्या आत भरायचे असते. कर सल्लागाराचे फोनवर फोन येत असतात आणि नेमका त्याच वेळी दुकानातील संगणक पडद्यावर गोल चक्र फिरवीत बसतो. एक खाते उघडायला मिनिट, एक बिल छापायला दोन मिनिटे. शेवटी दुरुस्तीवाल्याला बोलावले जाते. तो अर्धा तास बसतो, "शेठ, डिफ्रॅग मारून दिले आहे, आता एकदम फास्ट चालेल" असे सांगतो, पैसे घेतो आणि जातो. दोन-चार दिवस बरे वाटते. पुढच्या १० तारखेला पुन्हा तेच.

हे डिफ्रॅग प्रकरण काय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल. मीही वीस-बावीस वर्षे विचारले नाही. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, संगणकाची भाषा इंग्रजी, आणि समोरचा माणूस जाणकार. तेव्हा तो म्हणेल तसे करायचे, हाच आपला रिवाज. पण विचारपूस केल्यावर जे समजले त्यावरून माझे स्पष्ट मत झाले आहे की या बाबतीत आपला सगळा व्यवहार उलटा चालला आहे. ज्या यंत्राला डिफ्रॅगची खरोखर गरज असते, त्याला आपण ते करूच देत नाही. आणि ज्या यंत्राला त्याची मुळीच गरज नसते, त्यासाठी आपण पैसे मोजतो.

गोष्ट पैशापुरतीच असती तर मी हा लेख लिहिला नसता. २०२१ साली आमच्या पेढीवर बिले करणारा एक मुलगा होता. पूर्वी तो दिवसाला ऐंशी बिले सहज उरकायचा, पुढे पन्नासवर आला. मी समजलो की याचे लक्ष मोबाइलमध्ये आहे. "शेठ, मशीनच उघडत नाही तर मी काय करू?" असे तो दोन-तीनदा म्हणाला, पण मी ते बहाणा म्हणून सोडून दिले. त्याला रात्री नऊपर्यंत थांबवू लागलो आणि वर्षअखेरीच्या बोनसमधून दीड हजार रुपये कापले. त्यानंतर तीन महिन्यांनी समजले की दोष यंत्राच्या डिस्कचा होता. पैसे मी परत केले, परंतु ज्याला चार माणसांसमोर कामचुकार म्हटले त्याला तो शब्द कसा परत द्यायचा? तेव्हा आधी डिस्क म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

संगणकातील हिशोब ज्या पेटीत साठवला जातो तिला हार्ड डिस्क म्हणतात. आत चकचकीत तबकड्या असतात. बहुतेक दुकानी संगणकांत त्या मिनिटाला ७२०० आणि लॅपटॉपमध्ये साधारणपणे ५४०० फेरे घेतात. तबकडीवरून एक बारीक दांडी पुढे-मागे सरकते आणि तिच्या टोकाला असलेला हेड वाचतो व लिहितो. पहिली अशी डिस्क आयबीएमने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंचाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्या मिळून जेमतेम ५० लाख अक्षरे मावत होती. आज तेवढी जागा एका चांगल्या फोटोला लागते. तेव्हापासून वस्तू लहान झाली, वेगवान झाली, पण मूळ रीत तीच राहिली: तबकडी फिरणार आणि दांडी सरकणार.

आता आपले गोदाम डोळ्यांसमोर आणा. नवे गोदाम रिकामे असते तेव्हा एका लाटेचे साठ ताके एकाच खणात रचले जातात. माल जातो, येतो. कुठे चार ताक्यांची जागा रिकामी होते, कुठे सातांची. पुढची साठ ताक्यांची लाट येते तेव्हा एकसलग जागा मिळत नाही, म्हणून हमाल जिथे जागा दिसेल तिथे ताके ठेवतो आणि मुनीमजी वहीत लिहून ठेवतात की चार ताके तिसऱ्या खणात, सात अकराव्यात, पाच माळ्यावर. एकही ताका हरवलेला नसतो. परंतु गिऱ्हाईक येऊन "ती पूर्ण लाट दाखवा" म्हणतो, तेव्हा हमालाला साऱ्या गोदामभर फिरावे लागते. वेळ जातो तो ताका उचलण्यात नव्हे, चालण्यात जातो.

डिस्कचे अगदी असेच आहे. विंडोज आपली फाइल लहान लहान खणांत ठेवते. फाइल एकसलग असेल तर हेड एका जागी स्थिर राहून वाचत जातो. फाइलचे तुकडे विखुरलेले असतील तर प्रत्येक तुकड्यासाठी दांडी सरकते आणि मग तबकडीचा तो भाग फिरून खाली येईपर्यंत थांबावे लागते. हिशोबाच्या फाइलींचे तुकडे अधिक होतात, कारण त्या एकदम लिहिल्या जात नाहीत. रोज पाच-पन्नास बिलांनी त्या वाढतात आणि प्रत्येक वेळी वाढलेल्या भागाला नवी जागा शोधावी लागते. या विखुरण्याला इंग्रजीत फ्रॅगमेंटेशन म्हणतात, आणि विखुरलेले ताके पुन्हा एका खणात लावून देण्याच्या कामाला डिफ्रॅगमेंटेशन. बाजारात त्याचेच डिफ्रॅग झाले.

आपण व्यापारी आहोत, आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून थोडा हिशोब मांडतो. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवा तो भाग खाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, आणि दांडी सरकायला सुमारे ९. एका तुकड्यामागे १३ मिलिसेकंद वाया गेले. म्हणजे अशी डिस्क कितीही चांगली असली तरी सेकंदाला पाऊणशेच्या आसपास उड्या मारू शकते, जास्त नाही. आता ६० एमबीची फाइल घ्या. डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असे धरले तर एकसलग फाइल ०.६ सेकंदात येईल. तिचेच ६०० तुकडे असतील तर उड्यांतच आणखी ७.८ सेकंद जातील. अर्ध्या सेकंदाचे काम आठ सेकंदांवर गेले. दिवसात चाळीस वेळा असे झाले तर पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला, आणि तोसुद्धा एका फाइलीचा. प्रत्यक्षात त्याच वेळी व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम, छपाई आणि खुद्द विंडोज याच एका दांडीला आपापल्या बाजूला ओढत असतात. एक हमाल आणि हुकूम देणारे चार, अशी तिची अवस्था होते.

तेव्हा डिफ्रॅग ही थाप आहे असे कोणी समजू नये. एका काळी ते फार कामाचे होते. १९९३ साली मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉस ६ बरोबर डिफ्रॅगचा प्रोग्रॅम आला. तो त्यांनी सिमँटेक कंपनीच्या नॉर्टन साधनांवरून घेतलेला होता. पुढे विंडोज ९५ आणि ९८ मध्ये रंगीत चौकटींचा तो पडदा आला, जो ज्यांनी पाहिला आहे ते विसरलेले नसतील. आमच्या पेढीवर १९९८ साली पहिला संगणक आला आणि रविवारी ते चौकोन एका जागेवरून दुसऱ्या जागी जाताना पाहायला शेजारचे दोन-तीन सूतवाले येऊन बसत असत. मध्येच एखादा प्रोग्रॅम डिस्कवर काही लिहायचा की डिफ्रॅग पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. कित्येकदा दिवस मावळला तरी दहा टक्क्यांवरच अडकलेले असे. पण पूर्ण झाले की फरक दिसत असे. त्या काळी डिस्क एक-दोन जीबीच्या, कायम काठोकाठ भरलेल्या. भरलेल्या गोदामात विखुरलेपणा अधिक, म्हणून आवरण्याचा फायदाही अधिक.

यानंतर जे बदलले ते आपल्यापर्यंत पोहोचले नाही. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून डिफ्रॅग हे काम विंडोज स्वतःच करते. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये त्याची ठरलेली वेळ बुधवारी पहाटे १ वाजताची होती. विंडोज ८ पासून ते रात्रीच्या देखभालीत गेले. मशीन त्या वेळी बंद असेल तर पुढे ते रिकामे सापडेल तेव्हा काम उरकावे, अशीही तजवीज आहे. म्हणजे दुरुस्तीवाला जे करून पैसे घेतो, ते काम करणारा नोकर विंडोजमध्ये आधीच बसलेला आहे, आणि तोही पगाराविना.

मग आपल्याकडे यंत्रे मंद का? कारण ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांच्या डोळ्यांसमोर रात्रभर संगणक चालू ठेवणारे कार्यालय होते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याला विचारा की रात्री दुकान बंद करताना तो पहिली गोष्ट कोणती करतो. मेन स्विच खाली पाडतो. गोदामात सूत आणि कापड भरलेले. एक ठिणगी पडली तर आयुष्याची कमाई राख. ही सवय योग्यच आहे आणि संगणकासाठी कोणी ती सोडावी असे मी कदापि म्हणणार नाही. परंतु तिचा परिणाम असा होतो की रात्रीचे काम रात्री होत नाही, आणि दिवसा आपले मशीन रिकामे कधी असते? सकाळी दहाला चालू झाले की रात्री आठपर्यंत त्यावर कोणी ना कोणी बसलेला. दुपारी जेवायला उठले की विंडोज हळूच देखभाल सुरू करते. आपण हात धुऊन परत येतो, माउस हलतो आणि ती थांबते. आमच्याकडच्या एका मशीनवर शेवटची देखभाल कधी झाली ते पाहिले तर सात महिन्यांपूर्वीची तारीख निघाली.

ही तारीख कोणालाही पाहता येते. खालच्या शोधपट्टीत 'डिफ्रॅग' एवढे टाइप करावे. 'डिफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' नावाची खिडकी उघडते. तिच्यात प्रत्येक डिस्कपुढे ती कोणत्या जातीची आहे, शेवटची देखभाल कधी झाली आणि किती टक्के तुकडे झाले आहेत, हे लिहिलेले असते. तिथे 'हार्ड डिस्क ड्राइव्ह' लिहिले असेल आणि आकडा दहा टक्क्यांच्या वर असेल तर 'ऑप्टिमाइझ' दाबून उठावे. दहाच्या खाली असेल तर राहू द्यावे, काही फरक दिसणार नाही. आमच्याकडे शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा कोणीतरी समोर बसलेला असताना हे करणे सोयीचे. डिस्कवर निदान पंधरा टक्के जागा रिकामी हवी. हमालाला ताके हलवायला थोडा चौक मोकळा लागतो, तसेच हे आहे. लग्नाचे व्हिडिओ आणि जुने सिनेमे कार्यालयाच्या मशीनवर भरून ठेवणाऱ्यांनी आधी ते काढावेत. डिफ्रॅगपेक्षा त्यानेच जास्त काम होईल.

आता धोक्याचा भाग. डिफ्रॅग म्हणजे डिस्कवरून वाचून पुन्हा लिहिणे, आणि तेही तासन् तास. निरोगी डिस्कला त्याने काही होत नाही. पण डिस्क मरणाला टेकलेली असेल तर ती मंद चालण्याचे कारण तुकडे नसतात; खराब झालेला भाग वाचायला ती पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत असते. आजारी माणसाला सुस्त समजून धावायला लावावे, तसे मग होते. आमच्या ज्या मशीनमुळे त्या मुलाला बोलणी खावी लागली, तिचे हेच झाले. दुरुस्तीवाल्याने न तपासता डिफ्रॅग सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी यावे म्हणून निघून गेला. रात्री साडेदहाला टक्-टक् असा आवाज येऊ लागला आणि सकाळी मशीन डिस्कच ओळखीना. शेवटचा बॅकअप दोन महिन्यांपूर्वीचा होता. दोन महिन्यांची बिले कार्बन प्रतींवरून पुन्हा भरावी लागली आणि हे काम कोणी केले? त्याच मुलाने, सतरा दिवस बसून. दुरुस्तीवाल्याचा दोष होताच, परंतु बॅकअप घेण्याची जबाबदारी पेढीच्या मालकाची असते. ती मी दुसऱ्यावर टाकू शकत नाही.

म्हणून डिफ्रॅगपूर्वी दोन कामे झालीच पाहिजेत. हिशोबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, आणि डिस्कची तब्येत तपासायची. प्रत्येक डिस्क आपल्या आजाराची नोंद स्वतःच ठेवीत असते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचे मोफत साधन ती नोंद वाचून 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असे सरळ सांगते. 'कॉशन' दिसले तर डिफ्रॅग नाही, नवी डिस्क. तपासणीला दोन मिनिटे लागतात. जो दुरुस्तीवाला ही दोन मिनिटे देत नाही त्याला मशीनला हात लावू देऊ नये.

दुसरी जात एसएसडीची. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये आणि अनेक नव्या डेस्कटॉपमध्ये हीच असते. हिच्यात तबकडी नाही, दांडी नाही, फिरणारे काहीच नाही. सर्व काम चिपवर चालते. आपल्या गोदामाच्या भाषेत सांगायचे तर येथे प्रत्येक खणापाशी एक माणूस उभा आहे. हाक मारली की माल हातात. एका तुकड्याला १३ ऐवजी सुमारे ०.१ मिलिसेकंद लागते. मघाच्या ६०० तुकड्यांचा जास्तीचा वेळ ७.८ सेकंदांवरून ०.०६ सेकंदावर येतो. मग तुकडे एका खणात लावून काय मिळवायचे? उलट एसएसडीच्या चिपवर किती वेळा लिहिता येईल याला मर्यादा असते आणि विनाकारण केलेले डिफ्रॅग त्या मर्यादेतून खाते. रोजच्या वापराने ही मर्यादा संपत नाही, एखाद-दुसऱ्या डिफ्रॅगनेही संपणार नाही. पण ज्या कामाचा फायदा शून्य आहे ते करायचेच कशाला?

विंडोजला हा भेद कळतो. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ती एसएसडीला वेगळे ओळखते. विंडोज ८ पासून त्या खिडकीतले बटण तेच राहिले, पण एसएसडीवर ते प्रामुख्याने 'ट्रिम' नावाचे वेगळे काम करते: कोणते खण आता रिकामे समजावेत ते डिस्कला कळवते. क्वचित, गरज वाटली तर, विंडोज स्वतः एसएसडीवरही थोडी आवराआवर करते. ते तिच्यावर सोपवावे. २०२० साली विंडोज १० च्या एका आवृत्तीत असा दोष निघाला की शेवटची देखभाल केव्हा झाली हेच तिच्या लक्षात राहत नव्हते आणि मशीन चालू केले की पुन्हा काम सुरू. तो दोष त्याच वर्षी दुरुस्त झाला. परंतु बाहेरचे जुने डिफ्रॅग प्रोग्रॅम सीडीत घेऊन फिरणारे लोक अजून आहेत आणि एसएसडीवर ते बेधडक चालवतात. ज्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे त्याच्या बिलावर 'डिफ्रॅगमेंटेशन चार्जेस' लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. त्या गृहस्थाला मी विचारले, तर म्हणाला, "शेठ, सगळ्यांचे करतो." सगळ्यांचे करतो म्हणून आपण डोळे झाकून बिल चुकते करायचे काय?

मशीन मंद असण्याची इतर कारणेही आहेत आणि ती आधी पाहिली पाहिजेत. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे डिस्कचा आकडा १०० टक्के आणि प्रोसेसरचा दहा-पंधरा टक्के असा दिसत असेल तर अडचण डिस्कच्या बाजूला आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. रॅम अपुरी पडली की विंडोज तिचा भार डिस्कवर टाकते, आणि मग दोष डिस्कचा वाटतो. ४ जीबीच्या मशीनवर टॅली, ब्राउझरमधील जीएसटीचे पोर्टल आणि व्हॉट्सअॅप एकदम उघडले तर दुसरे काय होणार?

आणखी एक कारण आपल्या धंद्याचे खास आहे. मागाच्या गावात हवेतच सुताचे बारीक तंतू असतात. ते पंख्यात जाऊन नमद्यासारखे चिकटतात. प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी गती कमी करतो. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात दोन-तीन वर्षांत साचत नसेल तेवढे आमच्याकडे सहा महिन्यांत साचते. मशीन बंद करून, वायर काढून, ब्रश आणि हवेच्या पंपाने ते काढले की कित्येकदा दुरुस्तीवाल्याला बोलवायची वेळच येत नाही.

टॅलीबाबतही एक गैरसमज आहे. डिफ्रॅगने फाइलचे तुकडे एकत्र येतात, पण फाइलच्या पोटात दहा वर्षांची बिले भरली असतील तर ती कमी होत नाहीत. आमच्याकडे जीएसटी लागू झाल्यापासूनची, म्हणजे जुलै २०१७ पासूनची, सगळी बिले एकाच कंपनीत होती. टॅलीत आर्थिक वर्षाप्रमाणे हिशोब वेगळा करण्याची सोय आहे. बॅकअप घेऊन, जाणकाराकडून ते करून घ्यावे. जुन्या कीर्द-खतावणीच्या काळात आपण दरवर्षी नवी वही घालत होतो; मशीन आल्यावर वही बदलण्याची ती रीत आपण का सोडली, हे मला कळत नाही.

आता खर्चाचा प्रश्न. माझे मत असे की ज्या मशीनवर रोज बिले होतात, त्यातील फिरती डिस्क काढून एसएसडी बसवावी. कारण डिफ्रॅग कितीही नीट केले तरी ते एका फाइलचे तुकडे जुळवते. मशीन सुरू होताना विंडोजला हजारो वेगवेगळ्या लहान फाइली उघडाव्या लागतात, आणि तिथे दांडीची धावपळ डिफ्रॅगने थोडी कमी होईल, संपणार नाही. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या डेस्कटॉप व लॅपटॉपमध्ये बसते. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर घेता येते, त्यामुळे टॅली पुन्हा टाकावी लागत नाही. भाव वर-खाली होत असतात, तेव्हा दोन ठिकाणी विचारून घ्यावी. दुरुस्तीवाल्याच्या वर्षभराच्या फेऱ्यांचे पैसे कागदावर मांडून तुलना करावी, म्हणजे निर्णय सोपा जातो. आमच्या बिलाच्या मशीनला एसएसडी बसवली तेव्हा विंडोज सुरू व्हायला लागणारी पाच मिनिटे अर्ध्या मिनिटावर आली आणि तोच मुलगा दिवसाला नव्वद बिले करू लागला.

मात्र एसएसडी बसवली म्हणजे निश्चिंत झालो, असे नव्हे. हार्ड डिस्क मरताना बहुधा आवाज करते, मंद होते, काही इशारा देते. एसएसडी कित्येकदा चालता चालता एकदम बंद पडते. शिवाय ट्रिममुळे तिच्यावरून चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळपास नसते. तेव्हा रोज संध्याकाळी हिशोबाची प्रत घेणे आणि आठवड्याला एक प्रत दुकानाबाहेर, घरी नेऊन ठेवणे, हे पूर्वीपेक्षा अधिक जरुरीचे झाले आहे. तसेच विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांची मशीन फार जुनी आहेत आणि विंडोज ११ घेत नाहीत, त्यांनी बँकेचे व्यवहार त्या मशीनवर करू नयेत. अशा मशीनवर एसएसडीचा खर्च करण्याआधी दोनदा विचार करावा.

वार्षिक देखभालीचा करार करणाऱ्यांना माझी सूचना आहे की करारात स्पष्ट लिहून घ्यावे: प्रत्येक मशीनची डिस्क कोणत्या जातीची आहे, दर भेटीत तिची तब्येत काय निघाली, आणि डिफ्रॅग केले असेल तर आधी व नंतर किती टक्के होते. आम्ही यंदा असे लिहून मागितले तेव्हा पहिल्या माणसाने करारच केला नाही. दुसऱ्याने केला. त्याने पहिल्याच भेटीत दोन मशीनपुढे 'एसएसडी, डिफ्रॅग नको' असे लिहून दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

गोदामातले तिसरे मशीन अजून जुन्या डिस्कवर आहे. तिथे फक्त आवक-जावक लिहिली जाते, म्हणून बदलले नाही. परवाच्या शुक्रवारी पाहिले तर तब्येत 'गुड' आणि तुकडे १४ टक्के. प्रत घेतली, दहा वाजता काम सुरू केले आणि तिथेच गाठींची मोजणी करीत बसलो. सव्वा वाजता आकडा शून्यावर आला, तेव्हा मेन स्विच पाडून घरी आलो.